पंडिता रमाबाई : श्रद्धा, कार्य आणि सचोटी

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासातील एखाद्या व्यक्तीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव आले ते पंडिता रमाबाईंचे. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. संस्कृतच्या विदुषी, आर्य महिला समाज, शारदा सदन, मुक्ती सदन आणि धर्मांतर, एवढ्यावर धडा पुढे सरकतो. वर्गातील एखादी चौकस मुलगी हमखास विचारते, "बाई, एवढं शास्त्र शिकलेल्या बाईंनी धर्म का बदलला?" या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या मनाशी निगडित आहे आणि इतिहासाच्या शिक्षिकेने त्याबाबत निवाडा देऊ नये, असे मला वाटते. मात्र त्याच्या पुढचा एक प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो. धर्म स्वीकारल्यानंतर त्या बाई आपल्या कामात कशा वागल्या? दिलेला शब्द त्यांनी कसा सांभाळला? श्रद्धा आणि कार्य यांची ओढाताण झाली, तेव्हा त्यांनी काय केले? आजच्या शाळांनी, शिक्षकांनी आणि पालकांनीही मनाशी धरावेत असे हे प्रश्न आहेत.

आपली शाळा महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला रमाबाई आणखी एका कारणाने जवळच्या वाटाव्यात. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात, आजच्या कर्नाटकाच्या भूमीवर झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना विद्वानांपुढे उत्तर द्यावे लागले आणि शास्त्राधार दाखवूनच त्यांनी ते दिले. पुढे आईने मुलीला शिकविले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रे हिंडणारे होते. दुष्काळाच्या दिवसांत १८७४ मध्ये आईवडील गेले, पाठोपाठ मोठी बहीण गेली. उरलेली बहीणभावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी भारतभर भटकली. उपासमार, थंडी, वाऱ्यापावसात उघड्यावर काढलेल्या रात्री हे सारे त्यांनी अनुभवले. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. महाराष्ट्राने रमाबाईंना ओळखले ते त्यानंतर चार वर्षांनी.

मधल्या काळात भाऊ वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन मोडून नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार मांडला. कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची ही विधवा लहानगीला घेऊन पुण्यास आली. त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज निर्भीडपणे मांडली.

सचोटीचा पहिला प्रत्यय येथेच येतो. रमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जायचे होते. पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रमात राहण्याची सोय झाली, तीही फुकट नव्हे. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि त्याच्या बदल्यात तेथे राहावे, असा तो व्यवहार होता. आपण कोणाचे किती देणे लागतो, हे त्या प्रथमपासून नीट मोजत असत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढे वादळ उठले असेल, याची आज कल्पना करता येते. ज्यांनी 'पंडिता' म्हणून त्यांची मिरवणूक काढली, त्यांना तो विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांच्यासारखा एखादाच विचारवंत त्यांच्या बाजूने उभा राहिला. १८८५ मध्ये 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले. येथपर्यंतची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. वाँटेजच्या आश्रमात त्यानंतर काय घडले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बाप्तिस्मा घेतल्यावर ही विदुषी आज्ञाधारक शिष्या होईल, अशी भगिनीसंघाची आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. ती सपशेल फोल ठरली. रमाबाईंची आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना वाचक थक्क होतो. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आपल्याला शंका आहे, असे रमाबाई स्वच्छ लिहितात. जे बुद्धीला पटले नाही आणि धर्मग्रंथात स्वतः वाचून सापडले नाही, ते केवळ अधिकाऱ्याने सांगितले म्हणून तोंडाने म्हणणे त्यांना खोटेपणा वाटत होता. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, असाही त्यांचा प्रश्न होता. लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या बांधवांनाही येत नाही, मग तेथे संस्कृत का नको? शाकाहार त्यांनी सोडला नाही. विधवेची पांढरी साडीही सोडली नाही. नवा धर्म स्वीकारणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, ही त्यांची ठाम धारणा होती.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील त्यांना मानत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे, असा विषय निघाला. तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास हिंदुस्थानात परतल्यावर त्यांची पत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंचे उत्तर साधे होते. हिंदुस्थानात मी पुरुषांच्या भरसभेत भाषणे केली आहेत आणि माझ्या देशबांधवांनी त्याबद्दल मला तुच्छ लेखलेले नाही. मग येथे आडकाठी कशासाठी? ज्यांच्या घरी आपण राहतो आणि ज्यांच्या ओळखीवर आपले शिक्षण चालले आहे, त्यांनाच असे सुनावण्यास मोठे धैर्य लागते. श्रद्धा त्यांनी मनापासून घेतली होती, आणि म्हणूनच ती उसन्या शब्दांनी बोलून दाखविणे त्यांना जमेना.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई सुमारे अडीच वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून आणि गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी बालविधवांच्या शाळेसाठी पाठबळ मिळविले. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. या संघाने दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे कबूल केले. शाळा कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, मुलींना आपापला आचार पाळण्याची पूर्ण मुभा राहील, ही अट दोन्ही पक्षांना मान्य होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. रमाबाईंनी अट अक्षरशः पाळली. ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची आणि सोवळ्याओवळ्याची व्यवस्था त्यांच्या रीतीप्रमाणे होती. तुळशीची पूजा, व्रते, उपासतापास यांना मनाई नव्हती. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथ होते, तसेच बायबलही होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे श्रेष्ठ सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळावर होते. ज्या काळात केशवपन झालेल्या मुलीला घराच्या मागच्या खोलीतून बाहेर पडण्याची मुभा नव्हती, त्या काळात येथे विधवा मुली लिहायला-वाचायला शिकून शिक्षिका होण्याची स्वप्ने पाहत होत्या. गोदूबाई जोशी ही सदनाच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे ती आनंदीबाई, सर्वांची 'बाया कर्वे', झाली. इतकी वर्षे रमाबाईंच्या छायेत राहूनही ती हिंदूच राहिली आणि 'माझे पुराण' या आत्मकथनात तिने त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली. अट पाळली गेली की नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

तरीही १८९३ मध्ये सदनावर मोठे संकट आले. रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यांनी कोणाला बोलाविले नाही, पण आलेल्या मुलीला उठवूनही लावले नाही. बातमी बाहेर पसरली, 'केसरी'ने कडक टीका केली, पालक अस्वस्थ झाले. वीसहून अधिक मुलींना घरच्यांनी काढून नेले. अखेर रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले.

या प्रकरणाकडे शाळा चालविणारी व्यक्ती म्हणून मी जेव्हा पाहते, तेव्हा दोन्ही बाजूंचे म्हणणे गंभीरपणे ऐकावे लागते. रमाबाईंची भूमिका अशी होती की, तटस्थता म्हणजे कोणी आपली श्रद्धा लपविणे नव्हे. सदनातील प्रत्येक मुलीला स्वतःची पूजाअर्चा करण्याचा हक्क असेल, तर तो संचालिकेलाही असला पाहिजे. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता, परंतु त्या म्हणत होत्या की लपविण्यासारखे मी काही करीतच नाही. सुधारकांचे म्हणणेही तितकेच विचारात घेण्याजोगे होते. निराधार कोवळ्या मुली ज्या बाईला आईसारखे मानतात, तिच्या उघड्या दारातही एक आमंत्रण असते. ती एक शब्द न बोलता त्यांचे मन वळवू शकते. पालकांनी मुली सोपविल्या त्या शिक्षणासाठी, आणि तो विश्वास अबाधित राहिला पाहिजे.

रानडे-भांडारकरांच्या बाजूनेही एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. नाव राहू द्यायचे आणि जबाबदारी झटकायची, हा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. पटत नाही म्हटल्यावर त्यांनी जाहीरपणे अंग काढून घेतले. मतभेदातही प्रामाणिक राहता येते, हे या प्रकरणातील दोन्ही पक्षांनी दाखविले. बोस्टनच्या संघाने आपल्या प्रतिनिधीकरवी प्रत्यक्ष पाहणी केली आणि रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला. पुढील वर्षांत सदनातील काही मुलींनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपलेच म्हणणे खरे ठरले असे वाटले. हा वाद इतिहासात कायमचा निकाली निघालेला नाही. तो निघावा असाही माझा आग्रह नाही. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी जो आश्रम काढला, त्यालाही या घटनेची पार्श्वभूमी होती. शारदा सदनावरून विश्वास उडालेल्या हिंदू घरांना अशा संस्थेची गरज होती. एका वादातून स्त्रीशिक्षणाच्या दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही वाटांनी हजारो मुली पुढे गेल्या.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या तेथे गेल्या आणि टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगने थैमान घातले होते आणि शहरात एवढ्यांना ठेवणे शक्य नव्हते. दौंडजवळच्या केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेतली होती. तेथे झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी 'मुक्ती' या नावाने त्या कार्याचे विधिवत समर्पण झाले.

येथे रमाबाईंच्या सचोटीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा हाती लागतो. १८९१ नंतर त्यांची स्वतःची श्रद्धा अधिक उत्कट झाली होती. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. आता आपले कार्य ख्रिस्ती भावनेने, उघडपणे करावे, अशी ओढ त्यांना लागली. शारदा सदनाच्या पाटीखाली हळूहळू ते करणे त्यांना अवघड नव्हते. पैसा येतच होता, इमारत होती, नाव होते. त्यांनी तसे केले नाही. नवे कार्य नव्या जागी, नव्या नावाने उभे राहिले आणि ते ख्रिस्ती कार्य आहे हे प्रारंभापासून सर्वांना सांगितले गेले. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेस गेल्या, केलेल्या कामाचा आणि खर्चाचा हिशेब आश्रयदात्यांपुढे ठेवला, आणि त्यानंतर संघाची घडी नव्याने बसविण्यात आली. ज्यांनी एका हेतूने पैसे दिले, त्यांना तो हेतू कितपत साधला हे समोर उभे राहून सांगितले पाहिजे, असा त्यांचा नेम होता. मत बदलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र मत बदलल्यावर जुन्या शब्दाच्या आडोशाने नवे काम करणे ही फसवणूक ठरते. रमाबाईंनी पाटी बदलली आणि मगच काम बदलले.

याच काळातील आणखी एक प्रसंग. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी, आणि तेथे नेलेल्या आपल्या सदनातील एका मुलीविषयी, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात अत्यंत परखड पत्र लिहिले. त्या पत्राची चर्चा थेट ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत पोहोचली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप साफ नाकारले. विचार करा, ही स्त्री राज्यकर्त्यांच्या धर्माची होती. तिचे बहुतेक हितचिंतक इंग्लंड-अमेरिकेतले होते. राज्यकर्त्यांना दुखविण्याने तिचे नुकसानच होणार होते. तरी आपल्या मुलीवर अन्याय झाला असे वाटताच तिने लेखणी उचलली. गंमत अशी की, चार वर्षांपूर्वी तिच्यावर तुटून पडलेला 'केसरी'ही त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावर टीका करीत होता. धर्माने एका बाजूला आणि राजकारणाने दुसऱ्या बाजूला असलेल्या दोन आवाजांनी एकाच अन्यायाकडे बोट दाखविले.

केडगावला १९०० च्या सुमारास दीड हजारांच्या आसपास स्त्रिया व मुली राहत होत्या. त्या वर्षी गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिकडच्याही मुली आल्या. एवढ्या जणींना नुसते पोसणे रमाबाईंना मान्य नव्हते. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे उभी राहिली. ज्यांना घराबाहेर पाऊल टाकण्यास बंदी होती, त्या स्त्रिया खिळे जुळवू लागल्या, यंत्रे चालवू लागल्या. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था झाली. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि ती त्यांना शिकविली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होते. पुढे गुलबर्ग्यासही मुलींची शाळा निघाली. कोणत्याही एका चर्चपंथाच्या आधीन संस्था नेण्यास रमाबाईंनी नकार दिला. वाँटेजच्या तरुणीचा तो जुना स्वभाव चाळिशी-पन्नाशीतही तसाच राहिला होता.

मुक्तीच्या कार्यावरही आक्षेप घेतले गेले आणि आजही घेतले जातात. भुकेने गांजलेल्या अनाथ मुलीने धर्म स्वीकारला, तर तिच्या निवडीला मोकळी निवड म्हणता येईल काय, हा त्यातला मूळ प्रश्न. तो टाळून रमाबाईंचे कौतुक करणे हे त्यांच्याच स्वभावाला धरून होणार नाही. इतके मात्र म्हणता येईल की, दुष्काळातून त्या मुलींना उचलून आणण्यासाठी त्या वेळी फार थोडे हात पुढे आले होते, आणि पुढे आलेल्या या हाताने आपण कोण आहोत हे लपविले नव्हते.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्या वेळी उपलब्ध असलेल्या भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर होती. खेड्यातील बाईला ती समजत नसे. संस्कृतच्या पंडितेने ठरविले की, हे पुस्तक सोप्या मराठीत आले पाहिजे. भाषांतराचे भाषांतर करणे तिला पटणारे नव्हते, म्हणून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा तिने उतारवयात अभ्यास केला. ज्या बाईने तरुणपणी क्रूसावरच्या न कळणाऱ्या लॅटिन अक्षरांना हरकत घेतली होती, तिनेच वृद्धपणी आपल्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत धर्मग्रंथ आणून ती हरकत स्वकष्टाने फेडली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. उजवा हात तुटावा तसे ते दुःख होते. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

एवढ्या मोठ्या आयुष्याकडे पाहताना मला त्यात एक सूत्र दिसते. रमाबाईंकडे श्रद्धेसाठी एक वही आणि व्यवहारासाठी दुसरी वही, असे कधी नव्हते. वाँटेजला त्यांनी न पटलेले वचन उच्चारण्यास नकार दिला. पुण्यात आपली प्रार्थना लपविण्यास नकार दिला. केडगावला जुन्या नावाखाली नवे काम करण्यास नकार दिला. या तिन्ही वेळी त्यांचे नुकसान झाले. आश्रयदात्यांची नाराजी पत्करावी लागली, मित्र दुरावले, मुली कमी झाल्या, स्वकीयांच्या शिव्या खाव्या लागल्या. सचोटी स्वस्तात मिळत नाही, हे त्यांच्या चरित्रातून स्वच्छ दिसते. आणि आपले चुकीचे ठरू शकेल असे मतही आपण उघड्यावर ठेवले, तर इतरांना त्याची परीक्षा करता येते, हेही दिसते. रमाबाईंच्या टीकाकारांना टीका करता आली, याचे श्रेय त्यांच्या उघड्या दाराला आहे.

शाळा हे विश्वासावर चालणारे घर आहे. येथे शिकविणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची श्रद्धा असते. कोणी हिंदू असेल, कोणी ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध, जैन, कोणी कोणतीच श्रद्धा न मानणारा. ती श्रद्धा घरी ठेवून यावी असे सांगणे अमानुष ठरेल. ती फळ्यावर लिहावी असेही कोणी म्हणणार नाही. मग शिक्षकाने करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. आपल्या श्रद्धेचा प्रत्यय आपल्या कामाच्या चोखपणातून द्यावा. वेळेवर वर्गात जाणे, उत्तरपत्रिका निःपक्षपातीपणे तपासणे, गरीब मुलीलाही श्रीमंत मुलीइतकाच वेळ देणे, सहलीच्या पैशांचा पै-पैचा हिशेब पालकांपुढे ठेवणे, न येणाऱ्या प्रश्नाला 'मला येत नाही, उद्या पाहून सांगते' असे म्हणणे. पालकांना जे सांगून आपण मूल घेतले, तेच त्याला द्यावे. आणि कधी आपले धोरण बदलले, तर ते आधी सांगावे, मग अमलात आणावे.

पालकांच्या बाजूनेही रमाबाईंचे चरित्र काही सांगते. १८९३ मध्ये ज्या पालकांनी मुली काढून नेल्या, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ते जागरूक होते. तसेच ज्यांनी चौकशी करून, प्रत्यक्ष पाहून मुली ठेवल्या, तेही जागरूकच होते. ऐकीव बातमीवर विश्वास न ठेवता शाळेत यावे, विचारावे, वह्या पाहाव्यात, शिक्षकांशी बोलावे. विश्वास आणि देखरेख या गोष्टी परस्परांच्या विरोधात नाहीत. ज्या संस्थेला लपविण्यासारखे काही नसते, तिला प्रश्न विचारणाऱ्या पालकांची भीती वाटत नाही.

आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. परप्रांतात मराठी माध्यमाची शाळा टिकविणे किती कठीण आहे, हे तुम्हां माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना मी वेगळे सांगायला नको. पटसंख्या, अनुदान, इंग्रजी माध्यमाची ओढ यांचे ओझे दर वर्षी वाढते. अशा वेळी तडजोडीचे मोह पुष्कळ येतात. साठ वर्षांत अनेक धर्मांच्या, अनेक जातींच्या, अनेक गावांच्या घरांनी आपली मुले या शाळेच्या हाती दिली. गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या, कलकत्त्यात पंडिता झालेल्या, सिल्चरात विधवा झालेल्या आणि केडगावला मायबाप झालेल्या त्या मराठी बाईंनी जे जपले, ते आपण जपू शकलो, तर पुढची पिढीही आपली मुले याच विश्वासाने या दारात आणून सोडील. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेसाठी मी एवढेच मागते.